तारणाचा मार्ग एकच मानणारे आम्ही आणि आमचे शेजारी

सुगंधा_प

मी मराठी आहे, ख्रिस्ती आहे आणि येशू ख्रिस्तावाचून तारण (पापातून सुटका) नाही असं मनापासून मानते. पहिल्या दोन गोष्टींवर कुणाचा आक्षेप नसतो. तिसरी कळली की माणसं जरा अवघडतात. कुणी थेट विचारतं, 'म्हणजे आमचं सगळं खोटं का?' कुणी विषयच बदलतं. दुसऱ्या एका धाग्यावर एकाने लिहिलं होतं की या देशात राहायचं तर 'सगळे धर्म सारखेच' हे मान्य करायलाच हवं, न करणारा मनातून कट्टर. तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढला.

बायबलमधल्या ज्या दोन वचनांवर हा वाद उभा आहे ती कुठल्या प्रसंगात आली आहेत ते आधी बघू. योहान 14:6, 'मार्ग, सत्य व जीवन मीच आहे. माझ्या द्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही.' हे येशू कुणा परधर्मीयाला ठणकावून सांगत नाहीये. वधस्तंभाच्या आदल्या रात्री शेवटचं भोजन चाललंय, शिष्य धास्तावलेत आणि थोमा म्हणतो, प्रभू, तू कुठे जातोस तेच आम्हाला ठाऊक नाही, मग मार्ग कसा ठाऊक असणार? त्या धास्तावलेल्या माणसाला दिलेला हा धीर आहे. (हाच थोमा पुढे केरळात आला अशी तिथल्या ख्रिस्ती लोकांची परंपरा सांगते.) दुसरं वचन प्रेषितांची कृत्ये 4:12. 'तारण दुसऱ्या कोणाकडून नाही' असं येशूचा शिष्य पेत्र म्हणतो तेव्हा तो आरोपी आहे. जन्मापासून पांगळ्या असलेल्या एका भिकाऱ्याला बरं करून येशूच्या नावाने उपदेश केला, म्हणून त्याला आणि योहानाला रात्रभर अटकेत ठेवलं होतं. समोर महायाजक आणि वडीलमंडळी. गालीलातला एक कोळी सत्तेपुढे हे बोलतोय. पुढे तीनेकशे वर्षांनी सत्ताच ख्रिस्ती झाली आणि तेच वाक्य वरच्यांनी खालच्यांना ऐकवायला सुरुवात केली. माझ्या मते खरा बिघाड झाला तो तेव्हा.

याच पेत्राचं दुसरं बोलणं दहाव्या अध्यायात आहे. कर्नेल्य हा रोमी शताधिपती. यहुद्याने अशा माणसाच्या घरी जाणंही तेव्हा निषिद्ध. पेत्र त्याच्या घरात उभा राहून म्हणतो, देव पक्षपाती नाही. कोणत्याही राष्ट्रातला जो माणूस त्याचं भय बाळगतो आणि नीतीने वागतो तो त्याला मान्य आहे. पण मान्य आहे म्हणून पेत्र तिथूनच परत फिरत नाही. तो कर्नेल्याला येशूची वार्ता सांगतो, घरच्यांसकट बाप्तिस्मा देतो. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या, मधे फक्त सहा अध्याय. आमच्यातले काही लोक पहिली धरून बसतात, काही दुसरी. मला दोन्ही हव्यात.

रोजच्या जगण्यात हे असं दिसतं. सोसायटीच्या गणपतीची वर्गणी मी देते, महाप्रसादाच्या दिवशी पंगतीत वाढायला असते. आरतीला मागे उभी राहते, हात जोडत नाही, आणि न जोडण्याचं कारण कुणी विचारलं तर सांगते. शेजारच्या काकूंनी एकदा स्वयंपाकघराच्या दारातूनच विचारलं, 'काय गं, तुझ्या मते मी नरकात जाणार का?' मी म्हटलं, 'काकू, तो निवाडा माझ्याकडे दिलेलाच नाही. मला कुणी वाचवलं तेवढंच मी सांगू शकते.' काकू म्हणाल्या, 'बरं. चहा टाकतेय, बस.'

माझं म्हणणं एवढंच: तारणारा एक आहे हा माझा विश्वास. तो कुणाकुणाला तारेल हे ठरवणं माझं काम नाही. दोन्हींची सरमिसळ आम्ही ख्रिस्ती लोकही करतो आणि आमचे टीकाकारही.

चिंतामणी

लेखन प्रामाणिक आहे, आवडलं. पण मूळ अडचण सुटत नाही. आमच्या घरी संध्या होते, पंढरीची वारीही आहे. लहानपणापासून म्हणत आलो, 'आकाशात् पतितं तोयं यथा गच्छति सागरम्।' इथल्या मातीत ही समज मुरलेली आहे. तुमचा देव मोठा असेल तर त्याला एकाच दाराचा हट्ट का?

सुगंधा_प

चिंतामणी, हा श्लोक मीही शाळेत पाठ केलाय. त्याचा शेवट बघा: 'सर्वदेवनमस्कारः केशवं प्रति गच्छति।' नमस्कार कुणालाही करा, पोचतो तो केशवाला. गीतेच्या नवव्या अध्यायातही श्रीकृष्ण सांगतात की श्रद्धेने इतर देवतांना भजणारेही मलाच भजतात, पण विधी सोडून. म्हणजे शेवटचा पत्ता तुमच्याकडेही एकच आहे. इतरांची भक्ती त्या पत्त्यावर पोचती होते, एवढं मोठं मन त्यात आहे, आणि मला त्याचा आदर आहे. आणि तुकोबा? 'नव्हे जाखाई जोखाई। मायराणी मेसाबाई॥ बळिया माझा पंढरीराव। जो या देवांचाही देव॥' हे सगळं सारखं मानणाऱ्या माणसाचं बोलणं नाही. ज्याचं मन एका ठिकाणी जडलंय त्याचं आहे.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणत की ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले. 1895 साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, त्यापायी घर मोडायची वेळ आली, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाच वर्षांनी ख्रिस्ती झाल्या. पण तो पूल टिळकांनी कधी जाळला नाही. अभंगच लिहीत राहिले. 1917 मध्ये मिशनच्या नोकरीतून बाहेर पडून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. एकच तारणारा मानून इतकं मोकळं राहता येतं, हे मला त्यांच्याकडे बघून पटलं.

चिंतामणी

केशवाचा मुद्दा मान्य. पण तुकोबा काढलेत म्हणून विचारतो, 'न लगे मुक्ती धनसंपदा। संतसंग देई सदा॥' याचं काय? तुम्ही ज्याला तारण म्हणता ते आम्ही मागतच नाही आहोत. पुन्हा जन्म आला तरी चालेल, पण नाम आणि संतांची संगत हवी, असं वारकरी म्हणतो. मग 'तुमचा मार्ग तिथे पोचत नाही' असं आम्हाला सांगण्यात काय हशील? आम्ही निघालोच नाही तिकडे.

सुगंधा_प

तुमचा हा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. ख्रिस्ती माणूस पापाची क्षमा आणि दुरावलेल्या पित्याशी पुन्हा जुळलेलं नातं मागतो. बौद्ध तृष्णेचा क्षय मागतो. अद्वैती 'मी वेगळा आहे' हा भ्रम जावा म्हणून धडपडतो. तुम्ही प्रेमसुख मागता. 'सगळे मार्ग एकाच ठिकाणी जातात' असं म्हणणारा या सगळ्यांचं ऐकून घेण्याआधीच त्यांचं मागणं एक करून टाकतो. माझ्यापुरतं मी तुमचं मागणं आहे तसं ऐकायला तयार आहे, आणि माझं मागणं वेगळं का, तेही सांगायला.

अनन्यभक्त

मी महानुभाव घरातला. या चर्चेत आमचा पंथ सगळे विसरतात म्हणून लिहितो. मोक्ष फक्त परमेश्वर देतो, देवता देऊ शकत नाहीत. देवतांची भक्ती केली तर त्या त्यांच्या कुवतीएवढं फळ देतील आणि ते संपेल, ही तेराव्या शतकातली चक्रधर स्वामींची शिकवण आहे. श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू आणि चक्रधर हे पाच अवतार सोडून आम्ही कुणापुढे नवस बोलत नाही. माझी आजी इतर देवांचा प्रसाद घेत नसे. शेजारी बायका आधी रागवायच्या, मग त्यांनाच सवय झाली. तिच्यासाठी वेगळं फळ काढून ठेवायच्या, नैवेद्य दाखवायच्या आधी.

तेव्हा 'एकच मार्ग' हे काही जहाजातून आलेलं खूळ नाही. महाराष्ट्रात ते सातशे वर्षांवर नांदतंय. आम्हालाही त्याची किंमत मोजावी लागली. आमचे ग्रंथ कित्येक शतकं सांकेतिक लिपीत दडून राहिले.

सुगंधा_प

आजीसाठी फळ वेगळं काढणाऱ्या त्या बायका मला फार आवडल्या. प्रसादाचा प्रश्न आमच्याकडेही तसाच आहे आणि घरोघर उत्तर वेगळं. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात आठव्या आणि दहाव्या अध्यायात याचीच चर्चा केली आहे, कारण करिंथ शहरातही मूर्तीपुढे ठेवलेलं मांस घरोघर जात असे. तो म्हणतो, मूर्ती काहीच नाही, तेव्हा मांसाने काही बिघडत नाही. पण तुझ्या खाण्याने दुसऱ्याचं मन दुखावत असेल किंवा ती पूजेतली भागीदारी ठरत असेल तर खाऊ नकोस. माझी जाऊ प्रसाद घेते, मी घेत नाही. यावरून आमच्यात भांडण नाही.

फोंडेकर

चर्चा छान चालली आहे, पण मला गोव्याचं बोलायलाच हवं. आमचं कुलदैवत शांतादुर्गा. मूळ स्थान साष्टीत केळोशीला. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने देवळं पाडायला सुरुवात केली तेव्हा लोकांनी देवी नदीपार फोंड्याच्या मुलखात, कवळ्याला नेली. कुठ्ठाळीचा मंगेश 1560 मध्ये प्रियोळला गेला. त्याच वर्षी गोव्यात इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) बसलं, ते कायमचं उठलं 1812 साली. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण 1616 चं, मराठी ओवीचं ते वैभव आहे हे मीही मानतो. पण ते रचलं गेलं त्याच साष्टीत, जिथली देवळं आधीच गेली होती. एकच मार्ग खरा असं मानणाऱ्यांच्या हातात सैन्य आलं की काय होतं, हे आमच्या घरी कुळाचारातून कळतं. वर्षातून एकदा कवळ्याला जातो तेव्हा वडीलधारी माणसं मूळ गावाचं नाव मुलांकडून म्हणवून घेतात.

सुगंधा_प

फोंडेकर, यावर मी कसलंही समर्थन देणार नाही. 'तो काळच तसा होता' हेसुद्धा नाही. जे झालं ते पाप होतं, आणि ख्रिस्ताच्या नावाने झालं म्हणून आणखी मोठं. पेत्र बंदिवान असताना जे बोलला ते इन्क्विझिशनने बंदिवानांकडून वदवून घेतलं. जबरदस्तीने कबूल केलेला विश्वास हा विश्वासच नव्हे. माझा धर्मच मला हे शिकवतो, त्यासाठी मला धर्माबाहेर जावं लागत नाही.

वसईकर

कॅथलिक बाजू थोडी मांडतो. 'चर्चबाहेर तारण नाही' हे सूत्र तिसऱ्या शतकातल्या सिप्रियनपासूनचं, आणि तो बोलत होता चर्च फोडणाऱ्या ख्रिस्ती लोकांबद्दल. पुढे ते जगभरच्या लोकांना लावलं गेलं. 1442 मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेने मूर्तिपूजक, यहुदी, पाखंडी असे सगळे नावानिशी बाहेर ठेवले. पण 1940 च्या दशकात अमेरिकेत फादर लिओनार्ड फीनी तेच सूत्र शब्दशः शिकवू लागले तेव्हा रोमने 1949 मध्ये पत्र पाठवून त्यांचा अर्थ चुकीचा ठरवला. ते ऐकेनात, रोमने बोलावलं तरी जाईनात, तेव्हा 1953 मध्ये त्यांनाच बहिष्कृत केलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये स्पष्ट म्हटलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि विवेकाला धरून चालतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. त्याच परिषदेच्या 1965 च्या 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्रात हिंदू आणि बौद्ध धर्मांचा नाव घेऊन उल्लेख आहे, आणि या धर्मांत जे सत्य नि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही असं वचन आहे.

मात्र यावरून 'आता सगळं सारखं' असं कुणी समजू नये. फादर जाक द्युपुई हे बेल्जियन जेझुइट 1948 ते 1984 अशी छत्तीस वर्षं भारतात होते, कर्सियांग आणि दिल्लीला शिकवत. इतर धर्मांनाही देवाच्या योजनेत स्वतःचं स्थान आहे असा विचार त्यांनी मांडला. रोमने चौकशी केली, 2001 मध्ये त्यांच्या पुस्तकातल्या संदिग्ध जागांबद्दल अधिकृत सूचना काढली. त्याआधी 2000 मध्ये रोमचं 'दोमिनुस येझुस' हे घोषणापत्र आलंच होतं: तारणारा एकच, ख्रिस्त. तेव्हा हिंदू मित्रांनी मला बरंच सुनावलं. त्याच्या आदल्या वर्षी दिवाळीत पोप दुसरे जॉन पॉल दिल्लीत आशियातल्या विश्वासाच्या पिकाबद्दल, म्हणजे इथे ख्रिस्ती विश्वास वाढण्याबद्दल, बोलले होते, तीही नाराजी ताजी होती. माझं मत, पोप जे मानतात ते बोलले. पण दिवाळीत, या देशात, ते शब्द कसे ऐकू येतील याचा विचार व्हायला हवा होता.

आणि लोक काय करतात म्हणाल तर बुधवारी माहीमच्या चर्चला या. नोव्हेनाच्या (मरियेच्या खास प्रार्थनेच्या) रांगेत हिंदू बायका, हातात हार नि नवसाचं मेणाचं घर किंवा मेणाचा पाय. त्यांना कुणी विचारत नाही, तुमचं तारणाबद्दल मत काय.

पा_शमुवेल

सुगंधाताई, सलाम. ताई, आपण फार मऊ बोललात. रोमकरांस पत्र 10:14 विसरू नका. घोषणा करणाऱ्यावाचून ते कसे ऐकतील? शेजारी बुडत असताना 'निवाडा माझ्याकडे नाही' म्हणून काकूंकडे चहा पीत बसायचं का? खरं प्रेम असेल तर सांगितलंच पाहिजे.

सुगंधा_प

पास्टरसाहेब, सलाम. सांगू नये असं मी लिहिलेलं नाही. काकूंना माझी साक्ष ठाऊक आहे, माझी प्रार्थनाही ठाऊक आहे. त्यांच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री त्यांनीच करायला लावली. पण ज्या पत्राचा दहावा अध्याय आपण दाखवलात त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात लिहिलंय की नियमशास्त्र नसलेले परराष्ट्रीय आपल्या विवेकाची साक्ष घेऊन न्यायाच्या दिवशी उभे राहतील. तिथे काय होईल ते पौलाने देवावर सोडलं. मीही सोडते. सांगायचं काम माझं, पण नरकाची यादी मी करणार नाही.

मुक्तछंद

मी देव मानत नाही, तरी एक विचारतो. मानणं वेगळं आणि प्रचार वेगळा. तुमच्या विश्वासात प्रचार आपोआप येतोच ना? मग शेजारी कायम तुमचं सावज. 1977 च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की कलम 25 मधला प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क नव्हे.

पाथर्डीकर

याचं उत्तर मी देतो, कारण ते धर्मांतर माझ्या घरात घडलंय. माझे खापरपणजोबा नगर जिल्ह्यातले महार. अमेरिकन मराठी मिशनच्या काळात आमच्या भागातली महार-मांग कुटुंबंच्या कुटुंबं ख्रिस्ती झाली. त्यांना कुणी सावज म्हटलं की मला राग येतो. ती माणसं विचार करत होती. ज्या गावात 'सर्व मार्ग एकाकडे जातात' असं सांगितलं जायचं तिथे देवळाचा रस्ताही त्यांना बंद होता, पाणवठाही. समोर एकाने शाळा उघडली आणि म्हणाला, देवापुढे तू आणि पाटील सारखे. त्यांनी तो मार्ग धरला. पोटासाठी धरला असं हिणवणाऱ्यांना सांगतो, 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातींच्या सवलती नाकारल्या. शिखांना 1956 मध्ये, बौद्धांना 1990 मध्ये मिळाल्या, आम्हाला नाही. पोटाचं गणित असतं तर कधीच परत फिरलो असतो.

आणि आपल्या चर्चमध्येही जात आली, हेही सुगंधाताईंनी लिहायला हवं होतं. एक तारणारा मानायचा आणि लग्नाला जात बघायची.

सुगंधा_प

पाथर्डीकरभाऊ, हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, माझ्यापेक्षा नेमकं लिहिलंत. मुक्तछंद, कोर्टाचं म्हणणं फसवणूक आणि जबरदस्तीपुरतं असेल तर मला शंभर टक्के मान्य. पण माणसाने ऐकून, समजून, आपणहून मार्ग बदलला तर तो हक्क त्याचा आहे. जोतीरावांनी सार्वजनिक सत्यधर्मात एक घर कल्पिलंय: बाई बौद्ध धर्माचा ग्रंथ वाचून बौद्ध होते, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि चौघं एकमेकांचा द्वेष न करता एका कुटुंबात राहतात. त्यातल्या कुणालाही जोतीराव 'सगळं सारखंच आहे' म्हणायला लावत नाहीत. प्रत्येकाने आपापलं निवडलंय आणि तरी घर एक आहे. बहुधर्मी समाज मला असा हवा.

चिंतामणी

फुल्यांचं घर वाचायला सुंदर आहे. आमच्याकडे ते खरंच उभं राहतंय. माझी पुतणी वसईच्या एका कॅथलिक मुलाशी लग्न करतेय. घरच्यांना सांगण्यात आलं की मुलीला बाप्तिस्मा घ्यावा लागेल आणि मुलांबद्दल लेखी द्यावं लागेल. खरं आहे का?

वसईकर

बाप्तिस्मा घ्यावा लागतो हे चूक. बिशपांकडून परवानगी घेऊन ती हिंदू राहूनच चर्चमध्ये लग्न करू शकते. वचन द्यायचं असतं ते मुलाने: मी माझा विश्वास सोडणार नाही आणि मुलांना कॅथलिक बाप्तिस्मा नि संस्कार मिळावेत म्हणून माझ्याकडून होईल ते सगळं करीन. मुलीला सही करून काही कबूल करायचं नसतं, त्याने असं वचन दिलंय हे तिला माहीत असायला हवं, एवढंच. नुसतं स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली केलं तर कायद्याने लग्न पक्कं, आधी तीस दिवसांची नोटीस लागते; पण चर्चच्या लेखी तो मुलगा अविवाहितच राहील आणि त्याला पवित्र मिस्सात ख्रिस्तशरीर घेता येणार नाही. त्याच्या आईला ते फार लागेल, आमच्याकडे असं पाहिलंय.

खरा पेच मुलांचा आहे. तो त्याच्या वचनाला प्रामाणिक राहणार असेल आणि ती तिच्या घरच्या संस्कारांना, तर कुणीतरी एकाने माघार घ्यायची हे आता उघड बोलायला हवं. साखरपुड्याआधी दोघांनी पॅरिशच्या (त्या भागातल्या चर्चच्या) फादरांना एकत्र भेटावं, घरच्यांना न नेता. पुतणीला म्हणावं, आरती, कुळधर्म, मुलांची मुंज, सगळे प्रश्न कागदावर लिहून घेऊन जा आणि प्रत्येकाचं उत्तर मुलासमोरच माग.